गोव्यात जुनी पोलो जीटी टीएसआय घेताय? आधी गिअरबॉक्सचं ऐका

फोक्सवॅगनने पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये भारतात आणली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला, तेव्हा हे इंजिन आणि हा गिअरबॉक्स दोन्ही गेले. त्यांच्या जागी १.० लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं, ११० पीएसचं, सोबत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादनच थांबलं. त्यामुळे चोर्ला घाटात मजा देणारी, खिशाला परवडणारी छोटी गाडी हवी असलेला माणूस आज जुन्या बाजारात येतो आणि त्याची नजर बहुतेक वेळा १.२ वाल्या जीटीवर थांबते.

गाडी घेण्यासारखी आहे. पण तिच्यावरचा मोठा खर्च बहुतेक वेळा निदान न करता भाग बदलल्यामुळे होतो. स्कॅनरवर बिघाडाचा एक कोड दिसला की मेकॅट्रॉनिकबद्दल, म्हणजे गिअर आणि क्लच चालवणाऱ्या युनिटबद्दल, कुणीतरी सांगतो, ‘मेकॅट्रॉनिक गेलं, दोन लाख’. गेलेली असते एखादी बॅटरी, एखादा ब्रेक स्विच, किंवा फार तर मेकॅट्रॉनिकमधलं एक घर, म्हणजे आतल्या भागाचं कवच. म्हणून इथे प्रत्येक बिघाडासोबत तो कसा ओळखायचा हे दिलं आहे. खर्चाचे आकडे जाणत्या खाजगी गॅरेजमधले, सुटा भाग आणि मजुरी धरून केलेले अंदाज आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरला साधारण दीडपट धरून चला.

गिअरबॉक्स आधी समजून घेऊ, कारण पैसा तिथेच जातो. याचं नाव डीक्यू२००. यात दोन कोरडे क्लच असतात. पहिला, के१, हा १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो. दुसरा, के२, हा २, ४, ६ आणि रिव्हर्स. हे क्लच तेलात बुडालेले नसतात, मॅन्युअल गाडीच्या क्लचसारखेच घर्षणावर चालतात आणि तसेच तापतात. त्यांना दाबायचं आणि सोडायचं काम मेकॅट्रॉनिक करतं. एकाच पेटीत कॉम्प्युटर, हायड्रॉलिक पंप, दाब साठवणारी टाकी आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपा, असं ते एकत्र युनिट आहे. गिअरचं तेल आणि मेकॅट्रॉनिकचं तेल वेगवेगळं असतं. गिअरच्या भागात पावणेदोन लिटरच्या आसपास, मेकॅट्रॉनिकमध्ये साधारण एक लिटर. कंपनीच्या वेळापत्रकात हे तेल बदलायचं नाव नाही. तरीही ६० हजार किलोमीटरनंतर दोन्ही तेलं बदलून घ्यावीत असं माझं ठाम मत आहे. सात ते दहा हजारांत काम होतं.

क्लच झिजल्याची खूण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कळते. गर्दीत ब्रेक सोडून गाडी नुसती सरकत असताना सीटखाली थरथर जाणवली, तर दोष क्लचमध्ये असण्याची शक्यता जास्त. उभ्या गाडीतून निघताना थरथर असेल तर के१, दुसऱ्या गिअरात हळू सरकताना असेल तर के२. रिव्हर्सही के२ वर असल्यामुळे चढावर उलटी गाडी घेऊन बघणं ही के२ ची सगळ्यात सोपी परीक्षा. गाडी पूर्ण तापल्यावर, म्हणजे किमान अर्धा तास शहरात फिरवल्यानंतर, ही परीक्षा करा. सकाळच्या थंड गाडीवर सगळं गुळगुळीत वाटतं आणि विकणारा नेमकी तीच वेळ देतो.

पर्वरीच्या रांगेत रोज अडकणारी गाडी आणि फोंड्याहून मोकळ्या रस्त्याने ये-जा करणारी गाडी, दोघींचा ओडोमीटर सारखा असला तरी क्लच सारखे नसतात. आणखी एक गोष्ट गोव्यातच पाहायला मिळते: फेरीबोटीचा धक्का. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला रोज जाणाऱ्या गाडीला उतारावरून बोटीत इंचाइंचाने शिरावं लागतं आणि पलीकडे चढावरून तसंच बाहेर पडावं लागतं. चढावर ब्रेक न लावता, ॲक्सिलरेटर थोडासा दाबून गाडी धरून ठेवली की कोरडा क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि काही मिनिटांत तापतो. आधीच्या मालकाचा रोजचा रस्ता कोणता होता, हे विचारा. सर्व्हिस बुकाइतकंच ते कामाचं आहे.

क्लच संच बदलायला ७५ हजार ते १ लाख १० हजार धरा. यात एक बारकावा आहे. नवा क्लच बसवताना दोन्ही बाजूंचं अंतर मोजून योग्य जाडीच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, निवडाव्या लागतात, त्यासाठी खास हत्यारं लागतात, आणि शेवटी स्कॅनर लावून क्लचची मूळ जुळवणी, म्हणजे ॲडॅप्टेशन, पुन्हा करावी लागते. गॅरेजला थेट विचारा: ‘शिम मोजता ना? ॲडॅप्टेशन कशावर करता?’ उत्तर गोलमोल आलं तर तिथे गिअरबॉक्स उतरवू नका. शिम न मोजता बसवलेला नवा क्लच लवकरच पुन्हा थरथरायला लागतो आणि मग दोष ‘गिअरबॉक्सच तसला’ म्हणून गाडीवर जातो. उलट, फार झीज नसलेल्या गाडीत नुसतं ॲडॅप्टेशन केल्यावरही थरथर बरीच कमी होते. तो खर्च दोन-तीन हजारांचा. म्हणून आधी ते करून बघा, मग क्लचचा विचार.

आता मेकॅट्रॉनिक. ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की बॉनेटच्या बाजूने क्षणभर घूं असा बारीक आवाज येतो. तो पंप दाब भरतोय, हे नेहमीचं आहे. इंजिन चालू ठेवून, गाडी पी मध्ये उभी करून, रेडिओ आणि एसी बंद करून दोन मिनिटं कान द्या. पंप मधूनमधून थोडा वेळ चालला तर ठीक. दर काही सेकंदांनी सारखा लागत-थांबत असेल, तर साठवलेला दाब आत कुठेतरी गळतोय. बऱ्याचदा दाबाची टाकी जिथे पेचावर बसते ते ॲल्युमिनियमचं घर तिथेच तडकलेलं असतं. स्कॅनरवर अशा वेळी पी१८९सी किंवा पी१७बीएफ हे कोड येतात, डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकतं, आणि कधी कधी गाडी चालता चालता न्यूट्रलमध्ये जाते.

इथे नेमक्या निदानाने पैसे वाचतात. तडकलेलं घर बदलून, नवं सील आणि नवं तेल घालून मेकॅट्रॉनिक दुरुस्त करणारे लोक आता पुण्या-मुंबईत, बेळगावात आहेत. खर्च ३५ ते ६० हजार. आख्खं नवं युनिट घातलं तर दीड ते अडीच लाख. दाबाचा कोड असेल तर दुरुस्तीचा पर्याय जवळपास नेहमीच आधी बघावा. आतला कॉम्प्युटर बोर्डच जळला असेल, स्कॅनरला गिअरबॉक्स दिसतच नसेल, तर मात्र युनिटच बदलावं लागतं.

आणि त्याहीआधी बॅटरी. डीएसजीचा पंप आणि कॉम्प्युटर कमी व्होल्टेजला फार चिडतात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल, इंजिन चालू असताना चार्जिंग १३.८ ते १४.५ च्या बाहेर असेल, तर आधी ते नीट करा, कोड पुसा आणि मग पुन्हा बघा. समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी हिरवी पडलेली असते. बोल्ट काढून, घासून, ग्रीस लावून बसवायला पाचशे रुपयेही लागत नाहीत. बॅटरी सहा ते आठ हजारांत येते. गिअर पी मधून हलतच नसेल आणि मागचा ब्रेक लाइट पेटत नसेल, तर ब्रेक पेडलवरचा स्विच तपासा. तो हजार-दीड हजाराचा आहे. याच स्विचमुळे ईपीसीचा, म्हणजे इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातला बिघाड दाखवणारा, दिवाही लागतो.

आता इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या, म्हणजे रीमॅप केलेल्या गाड्यांबद्दल. डीक्यू२०० ची टॉर्क सहन करायची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. मूळ गाडीत १७५ असतो, म्हणून गिअरबॉक्स सुखात असतो. पहिल्या टप्प्याचा रीमॅप हा टॉर्क २३० च्या आसपास नेतो. गाडी जबरदस्त पळते, आणि क्लचचं आयुष्य त्याच वेगाने कमी होतं. विकताना पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. इनटेकचे क्लॅम्प कंपनीचे आहेत का, एक्झॉस्टवर वेल्डिंगच्या खुणा आहेत का, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का, हे जॅकवर गाडी चढवून बघा.

इंजिनात घाबरण्यासारखं फार नाही, पण एक गोष्ट गाडी ठरवण्याआधी स्पष्ट व्हायला हवी. जगभर १.२ टीएसआयच्या दोन पिढ्या आल्या. ईए१११ मालिकेत टायमिंग साखळी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारी साखळी आहे, ईए२११ मध्ये बेल्ट. इंजिनचा कोड सीबीझेड ने सुरू होत असेल तर साखळी, सीजेझेड ने असेल तर बेल्ट. चेसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटर हे सांगतं. साखळीवाल्या इंजिनात सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड आली तर साखळी ताणली आहे किंवा ती ताठ ठेवणारा टेन्शनर दाब धरत नाही. पी००१६ हा कोड आला असेल तर वाट बघू नका. साखळीने दात सोडले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. पूर्ण संचाचे ४० ते ६० हजार धरा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ती खरंच थंड आहे का बघा.

ऑइल ५डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू ५०२ या दर्जाचं. बाटलीवर हा दर्जा छापलेला नसेल तर स्वस्त पडलं तरी घालू नका. १५ हजार किलोमीटरचं वेळापत्रक गोव्याच्या छोट्या छोट्या फेऱ्यांना जास्त आहे. दर ८ हजारांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदला.

इंजिन थोडं अडखळतंय, इंजिनचा दिवा लुकलुकतोय, असं झालं तर बहुतेक वेळा इग्निशन कॉइल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर घरी करता येणारी परीक्षा: कोड पी०३०२ असेल, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा, तर दुसरी कॉइल तिसऱ्यावर लावा आणि तिसरीची दुसऱ्यावर. कोड पुसून गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली, तीन-साडेतीन हजारांची. कोड पी०३०२ वरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघावं लागेल. दिवा लुकलुकत असताना मात्र गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. चारही स्पार्क प्लग ४० ते ५० हजार किलोमीटरला बदला, तीन-चार हजारांत.

थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच्या मागे कार्बन साचतो. ८० हजारांच्या पुढे, गार इंजिनावर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची चाल, अस्थिर असेल तर हे कारण धरा. टाकीत घालायच्या बाटल्यांचा इथे काहीच उपयोग नाही, कारण ते पेट्रोल त्या जागी पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड काढून हाताने साफ करावं लागतं, दहा ते पंधरा हजार.

पिकअप अचानक गेला, ईपीसी लागला, पण कॉइल ठीक आहेत, तर टर्बोच्या वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा, दांडा अडकतोय का पाहा. दमट खारट हवेत आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे होतं. इंजिन बंद आणि गार असताना दांडा मोकळा हलतो का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. साफसफाई आणि उच्च तापमानाचं वंगण एवढ्यानेही तो सुटतो. ‘टर्बो गेला’ हे ऐकलं की आधी ही तपासणी झाली का, ते विचारा, कारण नवा टर्बो पाऊण लाखाच्या पुढे जातो.

कूलंटचं पाणी हळूहळू कमी होतंय आणि खाली थेंब दिसत नाही, तर वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घराभोवती गुलाबी पापुद्रा शोधा. तिथे झिरपतं आणि इंजिनच्या उष्णतेने वाळतं. दुरुस्ती आठ ते पंधरा हजार. विहिरीचं पाणी भरलेली टाकी दिसली, म्हणजे कूलंटचा रंग गेलेला आणि कडेला तांबूस गाळ, तर पूर्ण सिस्टम धुऊन योग्य गुलाबी कूलंट भरून घ्या.

सस्पेन्शन हे पोलोचं कायमचं दुखणं, आणि गोव्याच्या आतल्या रस्त्यांवर तर जास्तच. स्पीड ब्रेकरवर हलकी कट-कट आली तर लिंक रॉड, दोन ते तीन हजार जोडी. खड्ड्यात धप्प असा आवाज, स्टीअरिंग वळवताना करकर, तर वरचा स्ट्रट माउंट आणि बेअरिंग, दोन्ही बाजू मिळून चार ते सहा हजार. ब्रेक दाबताना पुढचा भाग किंचित एका बाजूला ओढला गेला तर लोअर आर्मचे बुश. आर्म न बदलता नुसते बुश दाबून बसवून मिळतात, तीन-चार हजार. पुढच्या शॉक ॲब्झॉर्बरची जोडी दहा ते चौदा हजार. आवाज आला की एकदम सगळं बदलायचा सल्ला देणाऱ्याला आधी लिंक रॉड काढून गाडी फिरवायला सांगा. आवाज थांबला तर प्रश्न तिथेच सुटला.

आता पाऊस. काचेखालच्या जाळीत, वायपरच्या मुळाशी, माडाची आणि आंब्याची पानं साचतात आणि पाणी जायची नळी बुजते. मग पाणी केबिनमध्ये उतरतं. पायपुसणं उचलून, खालचा फोम हाताने जोरात दाबून बघा. वरून कोरडा कापड आणि आतून चिंब फोम ही जोडी ऑगस्टमध्ये सर्रास सापडते. मागच्या सीटखाली ओल असेल तर दरवाज्यातल्या पॅनेलचं सील. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर चिखलाची आडवी रेघ राहते. सीटच्या रुळांत आणि बोल्टच्या डोक्यांत लाल माती अडकलेली असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको, कारण मेकॅट्रॉनिक गिअरबॉक्सवर बऱ्यापैकी खाली बसलेलं असतं.

पोलोच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जून-जुलैत हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी ठेवली की लाइनर ड्रमला गंजून चिकटतात. सपाट जागेवर पी मध्ये ठेवून चाकाला दगड लावा, हँडब्रेक नको. आधीच चिकटले असतील तर जबरदस्तीने गाडी ओढू नका, लाइनर सुटून येतं. ड्रमवर हातोडीने हलके ठोके पुरतात. उंदरांनी वायर कुरतडण्याचा काळही हाच, म्हणून बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर वायरिंगचं पूर्ण निरीक्षण झाल्याशिवाय सौदा करू नका.

एसीचा कंडेन्सर कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनाऱ्याच्या गाड्यांत लवकर सडतो. समोरच्या ग्रिलमधून टॉर्च मारून त्याच्या पातळ पट्ट्या बघा. बोट लावताच भुगा होत असेल तर आठ ते बारा हजार बाजूला ठेवा. कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून वीस हजारांपर्यंत जातं. पॉवर विंडोचे रेग्युलेटर तुटणं हीही पोलोची जुनी ओळख, एका दरवाज्याचे तीन-चार हजार.

एवढं सगळं तपासून गाडी पसंत पडली तर पहिल्या वर्षासाठी ५० हजार दुरुस्तीला धरा, आणि क्लच आधी बदललेला नसेल तर त्यासाठी वेगळे एक लाख. क्लच बदलल्याचं बिल असेल, त्यावर किलोमीटर आणि सुट्या भागांचे नंबर असतील, तर त्या गाडीला तीस-चाळीस हजार जास्त देणं परवडतं. बिलाशिवाय ‘क्लच नवा आहे’ या वाक्याला किंमत देऊ नका. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, म्हणजे भाड्याने दिलेली गाडी नंतर खाजगी केली का, हे आरसीच्या इतिहासात तपासा. अशी गाडी अनेक हातांत आणि पर्यटकांच्या गर्दीत चाललेली असते. महाराष्ट्र किंवा कर्नाटक पासिंगची गाडी आणायची असेल तर एनओसी आणि गोव्यातला रस्ता कर सौद्याच्या किमतीत आधीच मिळवा.

रोज पणजीत गर्दीतच जायचं असेल, तर माझं स्पष्ट मत २०२० नंतरच्या १.० टीएसआय मॅन्युअलच्या बाजूने आहे. कोरड्या दुहेरी क्लचचा प्रश्नच तिथे नाही, ताकद पाच पीएसने जास्त आहे, टॉर्क तेवढाच, आणि गिअर स्वतः टाकायची मजा वर. डीएसजीच हवा असेल तर गर्दीत पुढच्या गाडीमागे सारखं इंच-इंच सरकू नका. दोन गाड्यांचं अंतर पडू द्या आणि मग एकदाच नीट पुढे जा. सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबून ठेवलात की क्लच आपोआप सुटलेला असतो, न्यूट्रल करायची गरज नाही. चढावर मात्र गाडी नेहमी ब्रेकवरच धरा, ॲक्सिलरेटरवर कधीच नाही.